वांगी माझी, वारा देवाचा

२४ मे
आणि हे युरोपवाले कोण लागून गेले? चहा प्यायचा त्यांनी आणि कीड सोसायची आम्ही. आपल्या सरकारला चालतं ते औषध त्यांना चालत नाही. त्यांच्या यंत्रात कणभर दिसलं की अख्खा कंटेनर परत. म्हणून गेल्या वर्षी गावाने ठरवलं, चहावर फवारणी बंद, शेजारच्या वाफ्यातही बंद. मीही हात वर केला. सगळ्या घरांचा पाला एकाच कारखान्यात, एकाच यंत्रात पडतो. एकाचं पाप सगळ्यांच्या कपात. हे वाक्य बैठकीत माझंच. आमच्या चहागटाच्या किमोत्सुकी अध्यक्षांनी मान डोलावली.
पण वांग्यांवर तुडतुडे पडलेत. आणि माझी वांगी काही युरोपला जात नाहीत.

२६ मे, सकाळ
वांग्यांवर औषध मारलं. फक्त वांग्यांवर. बाटली शेडमध्ये जुनी पडून होती. फेकली असती तर ओढ्यात गेली असती. म्हणजे पर्यावरण मीच वाचवलं.
वाफा माझ्या मळ्याच्या खालच्या कडेला आहे. त्याच्या खाली शेजारच्या फुसायोचा चहा. वारा नव्हता. होता तो वर चढणारा. मी नववीत शाळा सोडली, पण वारा कळतो मला.
नवऱ्याने विचारलं, डोक्यावर पिवळी टोपी, तोंडाला फडकं, हा काय अवतार? ऊन आहे म्हटलं. त्याने आभाळाकडे बघितलं. ढग होते. सगळ्याला उत्तर द्यायला मी बांधलेली नाही.

३० मे
फवारणी थांबल्यापासून कोळी परत आलेत म्हणून फुसायो भारी खूश असते. पहाटे दवाने भरलेली जाळी बघत उभी राहते, जशी काही तिनेच विणलीत. आज तिच्या वरच्या ओळींवर एकही जाळं नव्हतं. मला विचारत होती, असं कसं. म्हटलं, पावसाने गेली असतील. ती म्हणाली, पाऊस कधी पडला?
कोळ्यांचं काय धरून बसायचं. आज इथे, उद्या तिथे.
ठराव: फुसायोशी जरा गोड वागायचं. बिचारी एकटीने मळा सांभाळत होती. आता कुठे नोबुआकी ओसाकाची नोकरी सोडून आईकडे आलाय, चहा परदेशी पाठवायचा म्हणून.

१६ जून
दुसरी तोडणी संपली. वांगी अशी चकचकीत की तोंड बघून घ्यावं. पहिली टोपली फुसायोला. नवरा म्हणाला, आजवर तर तिला देठसुद्धा दिला नव्हतास. तोमेझोला माणुसकी कळत नाही.
टोपली मुळ्याच्या लोणच्याने भरून परत आली. शेजाऱ्याची टोपली रिकामी परत करायची नाही ही गावची रीत. लोणचं खाल्लं. अर्धं तसंच ठेवलं. मीठ जास्त होतं.

२८ जून
चहा नापास. औषध सापडलं. कणभर, पण त्यांना कणच पुरतो. निर्यात थांबली.
बैठकीत सगळ्यात मोठ्याने मीच बोलले. प्रत्येक घराच्या पाल्याची पिशवी कारखान्यात राखून ठेवलेली असते, त्या वेगवेगळ्या तपासा म्हटलं. ज्याच्यात सापडेल त्याला तीन वर्षं गटाबाहेर काढा. सगळ्यांना पटलं. तोमेझो चपलांकडे बघत बसला होता.
मला कसली भीती? माझ्या चहावर थेंब नाही.

४ जुलै
माझी पिशवी स्वच्छ. बघा. मी म्हणतच होते.
फुसायोच्या पिशवीत सापडलं.
ती एवढंच म्हणाली की मी काही मारलेलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, मग काय पाखरांनी आणून टाकलं? लोक हसले. मीही थोडी हसले, सगळे हसत होते म्हणून. अध्यक्षांनी जड आवाजात तीन वर्षं सांगितली आणि माझ्याकडे बोट केलं, हा नियम सादाएबाईंचा. नोबुआकी उठला. इथे आता काय, कोळी मोजत बसू? रविवारच्या गाडीने परत जातो म्हणाला.
वारा देवाचा. मी देवाला कुठे बाहेर काढू?
घरी येऊन फुसायोला मोठी टोपली भरून पाठवली. सगळ्यात चांगली वांगी.

५ जुलै
ठराव: अध्यक्षांना सांगायचं. अपराध म्हणून नाही, माहिती म्हणून.
सकाळी गेले. जेवत होते. जेवणाऱ्या माणसाला त्रास देऊ नये. दुपारी परत गेले. पावसाबद्दल बोललो. अध्यक्षांच्या बायकोने वांग्यांची तारीफ केली. उद्या नक्की.
आज पहाटे माझ्याही कडेला जाळं नव्हतं. आधी होतं का, आठवत नाही. मी कधी बघितलंच नाही.

६ जुलै, गुरुवार
अध्यक्षांकडेच निघाले होते. चप्पल पायात होती, तोमेझो साक्षीला आहे. तेवढ्यात फुसायो दारात, हातात माझी टोपली. आत ये म्हटलं, चहा टाकते. ती पायरीवरच थांबली. टोपली खाली ठेवून तिने वरचं फडकं काढलं.
आत वांगी. वरची परवाची, ताजी. खालची सुरकुतलेली, पार पहिल्या टोपलीतली. एकही खाल्लेलं नाही.
"रीत मोडली नाही मी, सादाए. भरूनच आणली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता. "त्या सकाळी मी खाली गवत काढत होते. पिवळी टोपी लांबून दिसते गं. आणि वारा माझ्या तोंडावर होता. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. तू वांगी पाठवत राहिलीस."
वारा वर चढणारा होता, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तोमेझो आतून म्हणाला, खालीच वाहत होता.
फुसायोने फडक्याची घडी केली.
"पोरगं रविवारी सकाळी जाईल. शनिवारी संध्याकाळपर्यंत सांग. अध्यक्षांकडे तू जातेस, की मी जाऊ?"