नावाडिणीची परवानगी

४ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं तिसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून आईने फर्मान काढलंय की यापुढे पत्रं लिहा, कागदावर कुणाला ओरडता येत नाही. तुझी पत्रं तिने वाचलेली नाहीत, एवढंच मी म्हटलं. तिची तब्येत बरी आहे. माझं लिफ्टदुरुस्तीचं तेच चाललंय. काल नऊ मजले जिन्याने चढलो, कारण बिघडली होती ती लिफ्टच.

आता मुद्दा. त्या जुन्या जहाजांच्या खेळासाठी मी मॉड बनवतो, ते तुला समजावायला नको. तूच शिकवलंस. आई मात्र अजून विचारते, की खेळ दुसऱ्यांचा आणि त्यात तू घरादारांची भर घालतोस, ते तुला बोलत कसे नाहीत. तर गेली चार वर्षं मी त्यात एक अख्खी नदी बनवतोय, समुद्रापासून उगमापर्यंत. ३० मार्चला ती लोकांसाठी खुली करायची आहे. तिच्या मध्यावर मला तुझा तो होडीचा धक्का हवाय. तू एकोणिसाव्या वर्षी बनवलेला आणि माझ्याशिवाय कुणालाच न दाखवलेला. त्या बारा पायऱ्या, आणि तुझ्या आवाजात बोलणारी ती नावाडीण, घाई करणाऱ्याला होडीत न घेणारी. खरं सांगायचं तर नदी मी त्या धक्क्याच्या भोवतीनेच बांधली. आधी विचारायला हवं होतं, ही चूक माझी.

सासरी जाताना तू संगणक मला दिलास, पण त्यातला तो फोल्डर तुझाच आहे. स्पष्ट होकार आल्याशिवाय मी कुणाची वस्तू घेत नाही, आणि कुणी गप्प राहिलं तर ते नाही असंच धरतो. हा नियम घरच्यांनाही लागू. फेब्रुवारी संपेपर्यंत कळव.

भावोजींना नमस्कार, ठमीला पापा. लोभ आहेच, भांडण तेवढं कमी करावं.

तुझा,
गुंड्या


२९ जानेवारी

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय तुझं.

आमच्या कारखान्यात चष्म्याच्या काचा घासणारे आम्ही सहा जण, आणि काचांना रंग देणारी एक नवी मुलगी आली आहे. ती तुझा तो खेळ खेळते. मी तुझी बहीण हे कळल्यावर ती माझ्यासाठी चहा घेऊन आली. नऊ वर्षं मी त्याच यंत्रावर बसते, मला कुणी कधी जागेवर चहा आणून दिलेला नाही. तिने दुपारच्या सुट्टीत तुझं पान उघडून दाखवलं. तिथे तुझे नियम वाचले. पैसे घेणार नाही. मूळ कर्त्यांनी केलेलं काही पुसणार नाही, फक्त जोडीन. कुणाचा अर्धा खेळलेला डाव माझ्यामुळे मोडू देणार नाही. चौथा तो परवानगीचा. तिथपर्यंत वाचलं आणि पुढे सरकवायला सांगितलं. माझे रंगखडू न विचारता पळवून वर टोकं मोडून ठेवणारा तू, आता लोकांना सभ्यपणा शिकवतोस हे वाचून मला घटकाभर बसावं लागलं. खाली दोनशे माणसांनी तुझी वाहवा केली आहे. मी सगळ्यांची वाचली.

ठमी शाळेत सांगून आली की समुद्र माझ्या मामाने बनवला. बाईंनी विचारलं, आई काय करते. ही म्हणाली, आई काचा घासते. त्यात खोटं काही नाही.

तुझ्या भावोजींची पाठ धरली होती, आता उतार आहे. बदलीचं बोलणं चाललंय, पण त्यांच्याकडे बोलणं चालतं आणि माणसं जागच्या जागी राहतात. मागच्या अंगाच्या खोलीला ओल आली म्हणून कपाट पुढे ओढलं, आता दार पुरतं उघडत नाही. आईला सांग, गुडघ्याला लेप लाव. वेळेवर जेवत जा. कागद संपत आला.

आशीर्वाद आहेतच, ते काही तुझ्या नियमांवर अवलंबून नाहीत.

तुझी,
ताई


६ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं तीन पानी पत्र दोनदा वाचलं. मग पाकीट फाडून आतून पाहिलं, एखादी चिठ्ठी चिकटून राहिली असेल म्हणून. फेब्रुवारी संपेपर्यंत रोज पत्रपेटी उघडली. पाठीचं, कपाटाचं, गुडघ्याचं सगळं कळलं. धक्क्याबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा समजलो.

धक्का काढला. बाकीची नदी त्याला धरून वळत होती, त्यामुळे तीन आठवडे रजा काढून काठ पुन्हा जुळवला. त्या जागी काहीच ठेवलं नाही, नुसता रिकामा काठ आहे. दुसरा धक्का बांधायला घेतला होता, पण हात वळेना. ३० तारखेला नदी खुली केली. आठवड्यात चाळीस हजार लोकांनी घेतली. पुष्कळ जण विचारतात की एवढी नदी वळते आणि वळणावर काही कसं नाही. मी उत्तर देतो की ती जागा माझी नाही.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होतो. होता. महिनाभर होता.

आईची काळजी करू नकोस. लोभ ठेवावा, जमेल तेवढा.

गुंड्या


१९ एप्रिल

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

मी विसरले नव्हते. तुझं जानेवारीचं पत्र तेव्हापासून माझ्या कामाच्या खणात आहे, काचा पुसायच्या फडक्याखाली. तोंडाने नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तुझाच नियम वापरला. मी गप्प बसले की तू नाही समजणार, आणि मला वाईटपणा घ्यावा लागणार नाही. तीन पानं मी मुद्दाम भरली.

मी जळते तुझ्यावर. हे सरळच सांगते, कारण आडून सांगून काय होतं ते पाहिलं. तुला माउस धरायला मी शिकवलं. पहिला डोंगर माझ्या मांडीवर बसून बनवलास, तोही उलटा. मग मला नोकरी लागली, लग्न झालं, ठमी झाली, आणि मी ते सोडलं. कुणी सोडायला लावलं असतं तर त्याला नावं ठेवली असती. कुणीच लावलं नाही. माझा धक्का तुझ्या नदीत गेला असता तर लोक म्हणाले असते, काय सुंदर केलंय याने. खाली बारीक अक्षरात ताई. ते मला सहन झालं नसतं.

परवा त्या रंगवाल्या मुलीच्या घरी ठमीला घेऊन गेले आणि तुझी नदी पाहिली. चांगली आहे. वाईट निघाली असती तर मला झोप लागली असती. वळणावर आलो तेव्हा ठमीने विचारलं की होडी इथे हळू का झाली. त्या मुलीसमोर डोळ्यांत पाणी आलं आणि मी संगणकाच्या उजेडावर ढकललं.

तर हो. घे तो धक्का, नावाडीण, सगळं. स्पष्ट, लेखी, सहीनिशी. खाली सही करते.

तुझी,
ताई


२ मे

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ताई, मला ते घेता येणार नाही.

तू चौथ्या नियमाला थांबलीस. पाचवा असा आहे की एकदा नाही आलं की विषय संपला, मागाहून आलेला होकार मी घेत नाही. तो मी हौसेने नाही केला. दोन वर्षांपूर्वी एका वयस्क गृहस्थांनी याच खेळासाठी बनवलेलं दीपगृह मला हवं होतं. त्यांना पाच वेळा विचारलं. पाचव्यांदा ते हो म्हणाले, आणि मी खूश. त्यानंतर त्यांनी काही बनवलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाले की ते दीपगृह आता त्यांना स्वतःचं वाटत नाही. तुझा होकार तुला अपराधी वाटतंय म्हणून आलाय. तो घेतला तर प्रत्येक वेळी त्या वळणावर मला तुझं ओशाळलेलं तोंड दिसेल.

आणि जळण्याचं म्हणशील तर ऐक. चार वर्षांत मी नदीकाठी साठ माणसं उभी केली. एकही तुझ्या नावाडिणीसारखी बोलत नाही. सगळी पाटी वाचल्यासारखी बोलतात. मला ते येत नाही. मी तुला हे अकरा वर्षांत कधी सांगितलं नाही, तेही काही चांगुलपणाने नाही.

आई येत्या रविवारी तुझ्याकडे येते आहे. तिच्या पर्समध्ये पेन ड्राइव्ह आहे, त्यात तुझा फोल्डर जसाच्या तसा. माझ्याकडची प्रत मी पुसली. तुझं तू बघ.

राग गेला. लोभ आहे तसाच आहे.

तुझा,
गुंड्या


११ सप्टेंबर

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

उशीर झाला, रुसवा नव्हता. काम चाललं होतं. तुझ्या भावोजींनी जुना संगणक आणला, कपाट परत मागे ढकललं, आणि त्या ओलसर खोलीत मी चार महिने रविवारी बसले. निम्मं विसरले होते. होडीची दोरी हवेत लोंबायची. नावाडिणीला आणखी चार वाक्यं हवी होती, ती आता भरली, त्यामुळे तिचा आवाज मधूनच तिशीचा होतो. तसंच ठेवलं.

शुक्रवारी धक्का माझ्या नावाने खुला केला. आतापर्यंत तेवीस लोकांनी घेतला. त्यातला एक तू आहेस. परक्या नावाने लिहिलंस तरी "पाचवी पायरी अडकते, तपासून घ्यावी" हे लिफ्टवाल्याशिवाय कोण लिहिणार. दुरुस्त केली.

मीही नियम लिहिले आहेत, दोनच. पहिला, हे कुणीही कुठे वापरायचं नाही, विचारूही नये. दुसरा, माझा धाकटा भाऊ याला अपवाद. त्याने यातलं काहीही, नावाडिणीसकट, कधीही, न विचारता घ्यावं. तू विचारायचं नाहीस, म्हणजे मला नाही म्हणता येणार नाही, आणि तुझा पाचवाही शाबूत राहील. अपराधी वाटून लिहिलेलं नाही. माझा धक्का माझ्या नावाने उभा राहिल्यावर लिहिलंय.

जळणं गेलं असं समजू नकोस. तुझा आकडा आता साठ हजारांवर गेलाय, तो मला पाठ आहे.

धक्का नदीत लावलास तर पत्र पाठवायची तसदी घेऊ नकोस. त्या वळणावर मी रोज येऊन बघते.

आशीर्वाद भरपूर, हिशेब न ठेवता.

तुझी,
ताई