शिनोलीच्या कोल्ड स्टोरेजमधला माझा चार आणे हिस्सा

हे लिहायला मला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. परवा पुण्याला छातीचे ऑपरेशन आहे. त्यातून उठेन न उठेन, म्हणून आज बसलो.

मी, गेणू बहिरू बोऱ्हाडे, वय ७१, शिक्षण चौथी, धंदा शेती, राहणार शिनोली, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करतो. चालताना दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. शेजारीण अंबाबाई समोर बसली आहे, तिला विचारा.

राहते घर मुलगा भरत याला. माझी बायको साळुबाई आहे तोवर पुढची खोली तिची. तिला मागच्या पडवीत ढकलू नये.

लोखंडी सळई नातू स्वराजला. पूर्वी आम्ही झाडाखाली बटाट्याचा ढीग पाचटाने झाकून ठेवत असू, त्याला अरण म्हणतात. सळई आत खुपसून काढली आणि हाताला चटका बसला, की आत सड लागली समजायचे. आता तिचा उपयोग नाही, तरी भंगारात घालू नये.

आता मुख्य. १९९४ साली जवरीलालशेटबरोबर रस्त्याकडेला बटाट्याचे कोल्ड स्टोरेज काढले, त्यात माझा चार आणे हिस्सा आहे. लोक म्हणाले, गेणूने पैसा बर्फात घातला. मी तो शेटच्या सबुरीत घातला होता. सगळे विकतात तेव्हा थांबायचे आणि लावणीच्या तोंडावर बियाणे बाहेर काढायचे, एवढीच त्यांची चाल. ती चालली.

एक अक्कल मात्र माझी. बाया अरणीजवळ सावलीला बसून बटाटा निवडत, तेव्हा हात भरभर चालत. म्हणून मी म्हणालो, निवडणीची खोली थंडाव्याच्या मशीनला लागून बांधा, गारव्यात काम दुप्पट होईल. झालेही. गारवा जाऊ नये म्हणून दार एकच ठेवले, तेही आत उघडणारे. डोक्यावरून मशीनच्या अमोनिया वायूचा पाइप. शेटनी माझी पाठ थोपटली होती.

शेट गेले. त्यांचा मुलगा प्रितम आता पुण्याचा पैसेवाला भागीदार घेऊन त्याच मशीनवर दुसरे गोदाम जोडतो आहे. निवडणीच्या खोलीच्या दारापर्यंत गोण्या लागल्या आहेत. मी पूर्वेच्या भिंतीत दुसरे दार मागितले. तो म्हणाला, "काका, तुमी अरणीच्या काळातले. दार काढलं की गारवा गेला, आन् गारवा हाच आपला नफा."

माझी बहीण कुशाबाई तिथे अकरा बायांची मुकादम. तिला विचारले, डोळे झोंबतात का. हसून म्हणाली, "दादा, वास येतुया म्हंजी मशीन चालू हाय. वास थांबला तर तुजाच बटाटा सडंल."

मशीनवाला सावळेराम हसला नाही. म्हणाला, "भाऊ, अमोनियाचा व्हॉल्व्ह गळतोय. मशीन थांबवल्याबिगर बदलता येत न्हाई, आन् प्रितमशेट थांबवू देत न्हाई."

म्हणून हिस्सा भरतला नाही. त्याला कोणालाच नाही म्हणता येत नाही. हिस्सा सून स्नेहलला. नफा किती, हे सगळ्यांनी विचारले. काही झाले तर बाया कुठून निघतील, हे तिने एकटीने विचारले. आम्हा चारही जुन्या भागीदारांच्या सहीशिवाय पुण्याच्या भागीदाराशी नवा करार होत नाही. भिंतीत दार होईपर्यंत तिने सही करू नये.

प्रितमने माझ्या तेराव्याला जेवायला येऊ नये. त्याच्या आईने, कस्तुरबाईंनी, जरूर यावे.

ठिकाण: शिनोली, ता. आंबेगाव, जि. पुणे
दिनांक: १८ एप्रिल २००५
सही: गेणू बहिरू बोऱ्हाडे
साक्षीदार १: अंबाबाई (डाव्या हाताचा अंगठा)
साक्षीदार २: सावळेराम (सही बाकी)

सावळेराम जेवणाच्या सुट्टीत सहीला येणार होता. दोन वाजून गेले. निवडणीची एकही बाई रस्त्याने जेवायला घरी आलेली नाही. वारा तिकडूनच आहे आणि अंबाबाईने पदर नाकाला लावला आहे. भरत, हाच कागद देऊन तिला तुझ्या दुकानावर पाठवतो. पहार घे, माणसे घे, तोंडाला ओले फडके बांधा. दाराच्या नादी लागू नका, पूर्वेची भिंत फोडा. मग कुशा कशी आहे ते कळव. लवकर कळव.