मधल्या बोटाची शाई

दादा,

हे पत्र पाठवणार नाही. उगाच तुला वाटायचं, मला आठवण येते.

कारखान्यात मशीनमध्ये तुझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट गेलं. तू डावखुरा, म्हणून तेव्हा मीच तुला भरवलं. मतदान केंद्रावर समोर आलास, तेव्हा शाई मी मधल्या बोटाला लावली.

निकालात उमेदवार पडला म्हणून तोंडं बांधलेल्या टोळक्याने मला शिव्या घालत माझ्या स्कूटरला काडी लावली. पोलिसांनी व्हिडिओ दाखवला. काडी ओढणाऱ्या हाताला पहिलं बोट नव्हतं. शाई मधल्यावर होती.

"निवडणूक कर्मचाऱ्यावर हल्ला केलाय, सुटायचा नाही. ओळखता?" साहेबांनी विचारलं. मी तुझं नाव, पत्ता, कामावर निघायची वेळसुद्धा सांगितली.

आई रडते, "तुरुंगात पोराला कोण भरवणार?"

म्हटलं, काडी ओढता येते, घासही उचलता येईल.

छोटी