ओळ नऊ, खुर्ची चौदा

३ फेब्रुवारी, बुधवार

सिनेमाच्या बक्षिसांचा सोहळा पुढे ढकलला. सतरा दिवसांवर आला होता. दुपारी ऑफिसातल्या चष्मेवाल्याचा फोन — "मावशी, आता दहा एप्रिलला. साथ वाढतेय." म्हटलं, मग खुर्च्यांवरच्या तोंडांचं काय करू? म्हणे, "राहू द्या तशीच."

तशीच! साडेचारशे पुठ्ठे आहेत. दर खुर्चीवर एक, वर फोटो, खाली नाव. बक्षीस जाहीर झालं की कॅमेरा कुणाच्या तोंडावर फिरवायचा ते कॅमेऱ्यावाल्यांना आधी कळावं म्हणून. दोन दिवस कंबर मोडून मीच मांडले. पुढच्या ओळींत नट-नट्या, मागे खरं काम करणारे.

ओळ नऊ, खुर्ची चौदा — आमच्या वन्सं. ह्यांची थोरली बहीण. सिनेमात मेकअप करतात. तीस वर्षांत पहिल्यांदा बक्षिसाच्या यादीत नाव आलंय. चार वर्षं आमचं बोलणं नाही. त्यांचा पुठ्ठा मी पालथा ठेवला होता. कॅमेऱ्यावाला ओरडला, मग सुलटा केला.

८ फेब्रुवारी, सोमवार

हॉलला कुलूप. आत फक्त मी आणि वॉचमन. सोमवार-गुरुवार तोंडं पुसायची असं ठरवलंय. कोरड्या फडक्याने. ओल्याने शाई जाते — एका नटाचं नाक पांढरं झालं. कोण बघतंय.

वॉचमन म्हणाला, "पहिल्या ओळीतली ती बाई आज माझ्याकडे बघून मान हलवत होती."

म्हटलं, पंखा चालू राहिला होता. वीज जळते. बंद करत जा.

१५ फेब्रुवारी, सोमवार

चष्मेवाल्याचा मेसेज. "दोन-सहा उचला." एवढंच. दुसरी ओळ, सहावी खुर्ची. म्हातारे दिग्दर्शक. उचलले, कपाटात ठेवले. संध्याकाळी टीव्हीवर दाखवलं, गेले म्हणून.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

"अकरा-तीन उचला." मी विचारलं, का? चष्मेवाल्याने परत नंबरच पाठवला. वॉचमनला माहीत होतं — आवाजाचं काम करणारा माणूस, साथीतच गेला. दोन लहान मुलं आहेत म्हणे.

आता विचारत नाही. नंबर आला की समजायचं. चष्मेवाल्यालाही ते शब्द लिहायला नको वाटत असेल. नंबर बरा.

२ मार्च

आज मेसेज नाही. बरं झालं.

६ मार्च, शनिवार

वन्संना दवाखान्यात नेलं. जेवता जेवता ह्यांनी सांगितलं. ताट तसंच ठेवून उठले. कुणाला आत सोडत नाहीत. पिशवी दारात घेतात आणि तुम्ही निघा म्हणतात.

मला म्हणाले, "तू काहीच बोलणार नाहीस का?"

म्हटलं, काय बोलू? मी काय डॉक्टर आहे?

इथे लिहून ठेवते. मुलीच्या लग्नात वन्संनी सगळ्या बायकांचा मेकअप केला. माझी पाळी आली तर आठ जणींच्या देखत म्हणाल्या, "हिला नको गं, रंग फुकट जाईल." सगळ्या हसल्या. मुलगीसुद्धा हसली. मग मीही बोलले — "तुम्हाला घरी आरशाशिवाय बोलायला आहे तरी कोण?" हसणं बंद. त्यांनी डबा मिटला आणि निघून गेल्या.

ते मी बोलायला नको होतं. लग्न केलं नाही ते त्यांनी ह्यांच्या शिक्षणापायी, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बरोबर तिथे लागलं. ह्यांच्यापाशी कबूल करणार नाही.

८ मार्च, सोमवार

वन्संचा फोन बंद येतो. हे दिवसभर दवाखान्याचा नंबर फिरवतात. लागला की तिकडची पोरगी म्हणते, "पेशंट स्थिर आहे." कुठला पेशंट ते तरी बघते का? ह्यांनी काल चुकून नाव सांगितलंच नाही, तरी स्थिर!

११ मार्च, गुरुवार

नववी ओळ पुसली. वन्संचा फोटो आज नीट बघितला. स्वतःची एक भुवई वर, एक खाली. जगाच्या भुवया सरळ काढतात, स्वतःच्या कायम घाईत.

त्यांना सांगितलं, बऱ्या होऊन या. मग मी बोलते काय ते. आता पुठ्ठ्याशी बोलून काय होणार.

वॉचमन दारातून बघत होता. मी म्हटलं, कुलूप बघ आपलं.

१५ मार्च, सोमवार

सकाळी अकराला मेसेज. बाराव्या ओळीत होते.

"नऊ-चौदा उचला."

तीनदा वाचला. चष्म्याशिवाय मला वाचायला वेळ लागतो, पण आकडे लागलीच कळतात. नऊ. चौदा. गेले, उचलला. दोन्ही बाजूंचे तसेच, मधली खुर्ची रिकामी. कपाटात दिग्दर्शकांच्या मागे ठेवणार होते, ठेववेना. पदराखाली धरून घरी आणला. बसमधल्या बाईने विचारलं, "कोण हो ही?" म्हटलं, घरातलं माणूस.

ह्यांना उभ्या उभ्याच सांगितलं. गोल गोल बोलणं मला जमत नाही. हे एक मोजा घालून बसले होते, दुसरा हातात. "दवाखान्यातून फोन आला नाही." म्हटलं, दवाखान्याला वेळ असेल तेव्हा येईल. ऑफिसला आधी कळतं. आजवर चुकलेलं नाही.

मग मुलीला फोन, चुलत दिरांना फोन. मीच केले सगळे. चुलत दीर म्हणाले, "खात्री आहे ना वहिनी?" मी म्हटलं, डोळ्यांनी वाचलंय.

१६ मार्च, मंगळवार

हे दवाखान्याच्या फाटकाशी चार तास उभे. आतला माणूस वही चाळून म्हणाला, "त्या वॉर्डात या नावाचं आता कुणी नाही." पुढचं काही सांगेना. उद्या या म्हणाला. हे परत आले ते भिंतीला धरून.

मला रडू आलं नाही. भाजी करपली, तेवढंच. पुठ्ठा टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलाय. मुलगी फोनवर रडत होती — "आई, आत्याला एकदा फोन केला असतास तर?" चार वर्षं रोज वाटायचं, आज त्या करतील. त्या केव्हा वाकणार ह्याचीच वाट बघत बसले.

१७ मार्च

दवाखान्यात पुन्हा तेच. "वरिष्ठ आले की विचारा." ह्यांना ताप नाही, पण अंथरुणावरून उठले नाहीत.

१८ मार्च, गुरुवार

कामावर गेले. वॉचमनने पाकीट दिलं, ऑफिसातून आलेलं. वर लिहिलं होतं — ओळ नऊ, खुर्ची चौदा. म्हटलं, तीन दिवस झाले नाहीत आणि जागा भरलीसुद्धा. रागानेच फाडलं.

आत माझा फोटो. हॉलच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. खाली नाव. अक्षर अक्षर जुळवून वाचलं. माझंच.

चष्मेवाल्याला फोन लावला. विचारलं, ही काय चेष्टा?

"चेष्टा कसली मावशी? रविवारी नऊ-चौदाच्या बाई आमच्याशी डॉक्टरांच्या फोनवरून बोलल्या. वॉर्ड बदलताना त्यांचा स्वतःचा फोन हरवला. ऑक्सिजन निघालाय, पण एप्रिलपर्यंत यायची ताकद नाही. म्हणाल्या, बक्षीस लागलं तर माझी भावजय घेईल. तिला विचारू नका, नाहीच म्हणेल. आधी पुठ्ठा लावा. घरी कळवा म्हणाल्या होत्या, पण मला वाटलं, तुम्हाला माहीत असणारच."

ह्यांना फोन केला. चष्मेवाल्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाले, "तू जाशील ना?"

म्हटलं, बघू. आधी सगळ्यांना परत फोन करा. ह्या वेळी तुम्ही करा.

मग नऊ-चौदावर जाऊन बसले. स्टेज नीट दिसतं तिथून.