पांढऱ्या बुटांचं वर्ष

४ फेब्रुवारी

नाव काढायला गेलो होतो, घालून आलो!

बायकोला, तोमासाला, अजून सांगितलेलं नाही. ती अंगणात केळीची पानं पुसतेय, शनिवारच्या नाकातामालसाठी – मक्याचं पीठ आणि मांस त्यांत बांधून उकडायचं. मी लिंबाच्या झाडाखाली बसून हसू दाबतोय.

झालं असं. याहोस्काने – आमच्याच घरात वाढलेली नात – नर्सिंगच्या शाळेत नाव घातलं. पांढरा गणवेशसुद्धा शिवून झाला. आणि परवा पोरगी मैत्रिणीबरोबर कोस्टा रिकाच्या बसमध्ये बसून गेली! तिकडे हॉटेलात काम मिळालंय म्हणे. तोमासा मला म्हणाली, जा, शाळेत सांगून ये, नाव कमी करा म्हणावं.

गेलो. व्हरांड्यात बाकावर बसलो. आत वर्ग चालू होता आणि मुली एकसुरात हाडांची नावं म्हणत होत्या. एकसुरात! जवळजवळ सगळं आयुष्य मी वर्गाकडून कविता म्हणून घेतल्या. निवृत्त झाल्यापासून हा आवाज कानावर नव्हता. अंगावर काटा आला. कारकूनबाईने खिडकीतून विचारलं, काय काम आहे? माझ्या तोंडून निघालं – "प्रवेश."

"कोणाचा?"

"माझाच."

"वय, आजोबा?"

"सहासष्ट. मर्यादा आहे का?"

तिने नियम काढून पाहिले. मग मलाच पाहिलं. "खालची आहे. वरची लिहायची कोणाला सुचलंच नाही."

५ फेब्रुवारी

सांगितलं. तोमासा हसली नाही. ती हसत नाही तेव्हा जपून राहावं.

"गिटार," ती म्हणाली. "दोन गाणी, मग खुंटीवर. अंगणातली भट्टी – अर्धी. कोंबड्यांचं खुराडं – छप्पर नाही. ज्वालामुखीवरचं तुझं ते महाकाव्य – दुसऱ्या सर्गातच आग विझली. म्हाताऱ्या, आजवर तू पुरं केलंस काय?"

"लग्न."

"ते मी पुरं करतेय."

खरं आहे! पण हे पुरं करायचं. डिसेंबरात दिव्यांचा समारंभ असतो – पास झालेले सगळे पांढऱ्या कपड्यांत, हातात पेटता दिवा. मी त्या रांगेत उभा आणि तोमासा समोर पहिल्या खुर्चीत. एवढंच हवंय.

जेवण झाल्यावर पाहतो तर बाईसाहेब याहोस्काचा गणवेश उसवायला बसलेल्या. तोंड फुगलेलं, हात चालू. पोटाकडे बरंच कापड घालावं लागणार आहे.

१८ फेब्रुवारी

पहिला दिवस! पांढरे बूट! चालताना कुईं-कुईं वाजतात. वर्गात शिरलो तर पोरी ताडकन उभ्या राहिल्या – त्यांना वाटलं शिक्षक आले. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा असा हशा पिकला की भिंतीवरचा सांगाडा हलला.

शेजारी हेसेल नावाची पोर बसते. एकोणीस वर्षांची, सतत काहीतरी चघळणारी. म्हणाली, "गुरुजी, मला चौथीला तुम्हीच होता. आता माझी कॉपी करायची नाही हं!"

मग बायादारेस बाई आल्या. शाळेच्या मुख्य. बारीक अंगाच्या, इस्त्री केलेल्या आवाजाच्या. मला उभं केलं. "मुंगिया गुरुजी, विरंगुळा हवा असेल तर चौकात बाकं आहेत, सावलीही आहे. इथे माणसं मरतात. वॉर्डात एक घोळ केलात, की घरी."

एक घोळ. बरं.

१ मार्च

संत्र्याला इंजेक्शन दिलं. संत्रं काही बोललं नाही.

९ एप्रिल

पलंग घालण्याची परीक्षा. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडायचा, आणि वर नाणं टाकलं तर उडालं पाहिजे. माझं नाणं चादरीच्या सुरकुतीत जाऊन झोपलं. बाई म्हणाल्या, "रोगी नंतर झोपवायचा असतो, गुरुजी." हेसेल तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

घरी येऊन पलंग घालण्याचा सराव करत बसलो. तोमासा त्यावर आडवी व्हायला तयार नाही. "मोडेल कोपरा," म्हणते.

याहोस्काचा फोन. माझ्या प्रवेशाचं ऐकून नुसती हसत होती. तिकडे कोस्टा रिकात, सॅन होसेच्या फोनबूथवर लोक जमले असतील!

३ जून

सगळी गल्ली प्रेशर तपासून घ्यायला येते. बाहेर खुर्च्या मांडल्यात. मला वाटलं माझ्यासाठी येतात. तोमासा त्यांना मका-कोकोचं गार पिनोलियो प्यायला देते, गप्पा मारते, दुखणी विचारते. आज तिने शेजारच्या दोरिताला सांगितलं, "तुझे पाय सुजलेत, मीठ कमी कर, आणि दवाखान्यात जा, या म्हाताऱ्याच्या भरवशावर राहू नको." नेमकं तेच मी सांगणार होतो. जरा उशिरा.

१५ जुलै

इस्पितळ! पुरुषांचा वॉर्ड! उन्हाने पत्रे कडकड वाजतात, पंखा एकच, आणि तो आपल्याकडे वळावा म्हणून दोन रांगा खाटांची भांडणं. मला स्वर्गात आल्यासारखं वाटलं. निम्मे रोगी माझे विद्यार्थी! "गुरुजी, आता छडी नाही ना?" – "नाही, सुई आहे." – "छडीच बरी होती!"

नाडी मोजायचं काम माझ्याकडे.

१६ जुलै

घड्याळाचा सेकंदकाटा गळून किती वर्षं झाली कोण जाणे. मला कधी लागलाच नाही. तिसरीच्या वाचनमालेत पाखराची कविता होती – "उड रे पाखरा, डोंगराच्या धुरावरून उड" – ती वर्गाच्या चालीवर म्हटली की चार कडवी म्हणजे बरोबर एक मिनिट. तासाची घंटा होईपर्यंत किती वेळा म्हणून व्हायची हे मला झोपेतही ठाऊक होतं. मग काय! मनगट धरायचं, मनात पाखरू उडवायचं, ते फांदीवर बसलं की आकडा लिहायचा. हेसेलने घड्याळ लावून पाहिलं. तंतोतंत! मी कोणाला सांगू नको म्हणालो.

२ ऑगस्ट

अरेरेरे!

सकाळी इस्पितळाला येताना कोपऱ्यावरून ज्वालामुखी दिसला. धुराची एवढीशी रेघ, आणि खरंच, तिच्यावरून पाखरांचा थवा! माझी ती कविता, अशी साक्षात! त्याच तंद्रीत नाड्या मोजत सुटलो. "उऽऽड रेऽऽ पाऽऽखरा..." प्रत्येक ओळीवर रेंगाळलो. आणि आकडे असे काही सुंदर यायला लागले – शंभर! एकशे दहा! एकशे तीस! मला वाटलं आज सगळ्यांचीच हृदयं उचंबळून आलीयत.

तरुण डॉक्टर फेरीला आला, कागद पाहून पांढरा पडला. सगळा वॉर्ड एका दमात आजारी! सगळ्यांची कॉफी बंद. काही पसरलंय की काय म्हणून पाणी तपासायला माणूस पाठवला. हृदयाची पट्टी काढायचं यंत्र एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पळतंय. हर्नियाचा लोपेस म्हणाला, "मला तर प्रेमात पडल्यासारखं वाटतंय, डॉक्टर." कॉफी गेल्यामुळे खवळून बाकीच्यांच्या नाड्या खरंच वाढल्या!

बायादारेस बाईंनी माझ्यासमोर आपलं मनगट धरलं. "मोजा." मी डोळे मिटले. ओठ हलले असणार.

"काय म्हणताय?"

"कविता."

संपलं, मनात म्हटलं.

५ ऑगस्ट

संपलं नाही!

बाईंनी वर्गासमोर उभं करून ती कविता म्हणायला लावली. सात वेळा. मुलींच्या हातात घड्याळं. प्रत्येक वेळी निराळा आकडा. शेवटी तर मी इतका हिरमुसलो होतो की पाखरू अर्ध्या मिनिटातच खाली पडलं. मुली लोळून हसत होत्या. बाईंच्याही गालाची एक शीर हलली. मी पाहिली.

मग निकाल. "कोणाचं नुकसान झालं नाही, फक्त कॉफी गेली, म्हणून राहा. पण इस्पितळात यापुढे तुमच्या तोंडून कवितेची एक ओळ, मनातसुद्धा, आली – तर दिवा मिळणार नाही."

मनातसुद्धा! मनावर पहारेकरी बसवणार आहेत का?

तोमासाला सगळं सांगितलं. म्हटलं, आता तरी "सोड" म्हणेल. तिने हातातलं पान पुसून बाजूला ठेवलं. म्हणाली, "भट्टी अर्धी राहिली तर चालेल, म्हाताऱ्या. हे नको."

बाजारात जाऊन सेकंदकाट्याचं घड्याळ आणलं.

३० ऑगस्ट

एकही ओळ नाही. जेवण जात नाही.

११ सप्टेंबर

वॉर्डाच्या खिडकीत पाखरू येऊन बसलं आणि मी पाठ फिरवली. एवढा पराक्रम माझ्या हातून पूर्वी झालेला नाही.

घड्याळाकडे पाहून नाडी मोजली की एक मात्र होतं – माणूस दिसतो. कविता म्हणताना डोळे मिटलेले असायचे. खाट चारच्या म्हाताऱ्याची नखं निळी दिसली, ओरडून डॉक्टरला बोलावलं. वेळेवर! बाई म्हणाल्या, "हं." त्यांच्या तोंडी हे म्हणजे सोन्याचं पदक.

२८ नोव्हेंबर

शेवटची परीक्षा. कुल्ल्यावर इंजेक्शन, खऱ्या रोग्याला, बाई समोर. जमलं तर दिवा.

आणि रोगी कोण? सार्जंट रुगामा! पोलीस. दारातून आडवा आत येतो एवढा देह. माझ्या वर्गात तिसरीत दोन वर्षं होता. मला सुई भरताना पाहिलं आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"गुरुजी, तुम्ही? नाही, नाही. तुमची छत्री मी मोडली होती. पण तेव्हा मी आठ वर्षांचा होतो!"

"पालथा हो, लिओन्सियो."

"सूड घेताय!"

"पालथा हो."

झाला. पण सगळं अंग दगडासारखं ताठ. अशात टोचली तर सुई वाकायची. वॉर्ड श्वास रोखून पाहतोय. बाईही. एरवी मी काय केलं असतं? दोन ओळी म्हटल्या असत्या, माणूस सैल झाला असता. पण आता बंदी. आणि एकदम सुचलं –

"लिओन्सियो, पाखराची कविता तुला कधी पाठ झाली नाही. म्हण आता."

"काय?"

"म्हण! पहिलं कडवं!"

सार्जंट उशीत तोंड खुपसून चाचपडायला लागला. "उड रे पाखरा... डोंगराच्या... डोंगराच्या..." – "धुरावरून!" पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी ओरडलं. मग त्याच्या पलीकडचा पुढची ओळ! मग सगळा वॉर्ड – एकसुरात, वर्गाच्या चालीवर, प्लास्टरवाले, नळीवाले, सगळे! सार्जंट चुकलेली ओळ आठवण्यात असा गुंतला की अंगाचा लोण्याचा गोळा झाला. टोचली. काढली. त्याला कळलंच नाही! "झालं? गुरुजी, झालं?"

मी बाईंकडे वळलो. "बाई, मी एक ओळ म्हटली नाही."

"मनात?"

"मनात चारही कडवी."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. खांदे हलत होते. पास!!

७ डिसेंबर

ग्रितेरियाच्या सणाची संध्याकाळ. गल्लोगल्ली फटाके, घरोघरी मारियाची मूर्ती, दारादारात आरोळ्या – "एवढा आनंद कुणामुळे?" मी उत्तराला "मारियामुळे!" असं इतक्या जोरात ओरडलो की शेजारचा कुत्रा खाटेखाली गेला. तोमासा ऊस आणि लिंबं वाटता वाटता म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे तुझा आनंद कुणामुळे. त्या पोलिसाच्या ढुंगणामुळे."

१४ डिसेंबर

दिवा मिळाला. वारा होता, दोनदा विझला, दोन्ही वेळा हेसेलने आपल्यावरून पेटवून दिला. तोमासा पहिल्या खुर्चीत, निळ्या झग्यात. मी तिच्याकडे पाहिलं तर ती माझ्याकडे पाहत नव्हती. सगळ्या रांगेकडे पाहत होती. एकेक चेहरा, एकेक दिवा. डोळे भरलेले. मला वाटलं धुराने.

२० जानेवारी

आरोग्य केंद्रात लागलो! बायादारेस बाईंनीच शब्द टाकला. फक्त सकाळचं काम. पहिल्याच दिवशी लसीकरण. बर्फाची पेटी खांद्यावर, घरोघर. एक पोरगी आंब्याच्या झाडावर जाऊन बसली. तिची आजी खालून शिव्या देतेय, मी खालून विनवतोय. शेवटी पोरगी म्हणाली, "आधी आजीला टोच." टोचली! आजीने मग मलाच शिव्या दिल्या. पोरगी हसत हसत खाली आली.

एका बाईने "डॉक्टर" म्हटलं, दुसरीने "सिस्टर". दोघींना ओ दिली.

पाय भोपळ्यासारखे सुजलेत. तोमासाने मिठाच्या पाण्यात बुडवले. "कुठल्या पेशंटला काय दिलंस? कुठल्या हातात? मग सुई कुठे टाकलीस?" रोज सगळं सांगावं लागतं. दमलेला असलो तरी सोडत नाही.

२ फेब्रुवारी

कारकूनबाई रस्त्यात भेटली. डोळा मिचकावून गेली. काय ते कळलं नाही.

३ फेब्रुवारी

तोमासाने नाव घातलंय.

मी म्हटलं, कुणाचं? "माझं," ती म्हणाली. चेष्टा वाटली. तर ती चुलीकडे तोंड करून हृदयाचे कप्पे म्हणायला लागली, झडपा, शिरा, सगळं, न अडखळता. मी वॉर्डात असायचो तेव्हा माझी पुस्तकं वाचायची म्हणे. "लहान मुलगी होते तेव्हापासून मला हेच व्हायचं होतं." सांगताना पाठ वळवलेलीच होती.

ती म्हणत राहिली. मी ऐकत राहिलो. भात करपला, कोणीच उतरवला नाही.