हिरडीवरचा फोड आणि दिलीपचं क्लॅरनेट

३ फेब्रुवारी, मंगळ.

सकाळी दात घासताना वरच्या हिरडीवर बोट अडलं. समोरच्या डाव्या दाताच्या मुळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा फोड. टोकाला पिवळा. दुखत न्हाई. बायकोला, मंगलला, बोललो न्हाई, उगं डोकं खाईल.

संध्याकाळी तालीम. दिलीप आधीच येऊन बसलेला. सात वर्षांपूर्वी ह्याला क्लॅरनेटची पत्ती ओठावर कशी धरायची ते मी शिकवलं. आज रऊफभाई सगळ्या ब्यांडासमोर म्हणाले, "दिलीप का आवाज खुल गया." बावीस वर्षं मी ह्यांच्या ब्यांडात पुढं उभा राहून क्लॅरनेट वाजवून राहिलो. माझा आवाज खुलला का मिटला, मालक कधी बोलले न्हाईत.

६ फेब्रु.

फोड फुटला. तोंडात खारट, घाण चव. चूळ भरली. संपलं एकदाचं.

९ फेब्रु.

संपलं न्हाई. परत आला, त्याच जागी. क्लॅरनेट नेमकं त्याच दातावर टेकतं. वजीराबादच्या वरातीत वरचा सूर घ्यायला दाब दिला, दात ठणकला, सूर सुटला. दि.नं लगेच मागून उचलला. लोकांना वाटलं एकच माणूस वाजवतोय. कुणाला कळलं न्हाई. मला कळलं. त्याला कळलं.

१३ फेब्रु.

मेडिकलवाल्याच्या गोळ्या तीन दिवस खाल्ल्या. फोड बसला.

चहाच्या टपरीवर दि.: "काका, तोंड वाकडं करून वाजवून राहिलात. दात दुखतो का? डॉक्टरला दाखवा की."

"तुला लई काळजी."

"बावीसला लातूरची वरात हाय, म्हणून म्हणलं."

आलं पोटातलं ओठावर! लातूरच्या साहेबांच्या थोरलीच्या लग्नात मी वाजवलं होतं. आता धाकटीचं लग्न, आणि त्यांनी माझंच नाव घेऊन ब्यांड सांगितलाय. मी खुर्चीवर आ करून पडलो की पुढं कोण उभा राहणार, हे कळायला शाळा शिकावी लागत न्हाई. बावीसपर्यंत दाखवणार न्हाई.

१५ फेब्रु.

घरी आलो तर दि. ओट्यावर बसलेला. मंगलनं त्याच्यासाठी शिरा केलेला. मला दोन महिने शिरा न्हाई. माझ्या दाताचं त्यानंच तिला सांगितलं. "पोटच्या पोरावानी माया हाय त्याची," मंगल म्हणाली. मी बशी न शिवता आत गेलो. शिऱ्यात वेलची होती, वास येत होता.

फोड परत आलाय.

१८ फेब्रु., बुध.

सकाळी ताप. वरचा ओठ सुजलेला, गाल डोळ्याखालपर्यंत ताठ. मंगलनं मला विचारलंच न्हाई, सरळ दि.ला फोन. त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो. त्याच्या खांद्याला धरावं लागलं.

दातांची डॉक्टर पोरसवदा बाई. "किती दिवस झाले?"

"पंधरा. दुखत नव्हतं म्हणून..."

"पू बाहेर पडत होता म्हणून दुखत नव्हतं. आत दात मेलाय. गोळ्यांनी फोड बसला, मूळ तसंच राहिलं."

कधी मार लागला होता का, विचारलं. लागला होता. लई वर्षांमागं वरातीतल्या एका नाचणाऱ्याचा कोपर क्लॅरनेटवर बसला, माउथपीस दातावर आदळलं. त्या दिवशीही वाजवलंच.

पू काढला. दाताचं रूट कॅनाल करायचं. म्हणाली, "सूज डोळ्याकडे वाढली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर माझी वाट बघू नका. लगेच मोठा दवाखाना."

मग आरसा घालून सगळं तोंड पाहिलं. खाली उजवीकडं थांबली. जिथं तंबाखू धरतो तिथं.

"ही गाठ कधीपासूनची?"

मला गाठ आहे हेच माहीत नव्हतं. बोट लावून पाहिलं. टणक. दुखत न्हाई.

"ही पुवाची नाही. दोन आठवड्यांत न जाणारी कुठलीही गाठ तपासावीच लागते. तुमची किती जुनी, तुम्हालाच ठाऊक नाही."

दि. दारात उभा होता. त्यानं ऐकलं. गाठीपेक्षा ते जास्त लागलं.

२० फेब्रु.

सूज उतरली. दाताच्या बाईनं धाडलं त्या सर्जननं तपासायला गाठीचा तुकडा काढला, एक टाका. "कॅन्सर हाय का?" मी विचारलं. "बऱ्याच गाठी साध्या निघतात. पण नुसतं बघून मी सांगणार नाही." रिपोर्टला आठ-दहा दिवस. तोवर क्लॅरनेट बंद. तंबाखू कायमची बंद.

मंगलनं दिवसभर भांडी जोरात घासली.

२२ फेब्रु., रवि.

रऊफभाई म्हणाले, "आप आराम करो." तरी टेम्पोत बसलो. लोहा, अहमदपूर, लातूर. औसा रोडचं कार्यालय.

साहेबांनी विचारलं, "ते जुने मास्तर कुठंयत?" दि.नं हात करून दाखवलं, "हे काय, माझे उस्ताद. तब्येत बरी न्हाई त्यांची." सगळे वळून पाहायला लागले. तेवढा मानही मला त्याच्याच हातून.

मग तो वाजवायला लागला. माझा सुटला तो सूर जवळ आला तसं मी मनात म्हणालो, सुटू दे. एकदाच सुटू दे.

सुटला न्हाई. लांब धरला त्यानं. नवरीचा बाप डोळे पुसायला लागला.

चांगला वाजवला. हे एवढं वाक्य लिहायला अर्धा तास गेला.

२५ फेब्रु.

रूट कॅनालची दुसरी खेप. वरची हिरडी साफ, बोटाला काही लागत न्हाई. जीभ मात्र सारखी खाली टाक्यावर जाते. मंगलनं शिरा केला. बशी झाकून ठेवली.

२८ फेब्रु., शनि.

दवाखान्यातून फोन. रिपोर्ट आलाय, सोमवारी अकराला या, घरचं कुणीतरी घेऊन या. फोनवर सांगा म्हणालो, तर न्हाई म्हणाले. सगळ्यांनाच असं बोलावतात का, हे विचारायचं राहिलं.

मंगल म्हणाली, मी येते, पण आत डॉक्टर काय बोलले ते माझ्या ध्यानात राहायचं न्हाई.

तासभर फोन हातात धरून बसलो. मग दि.ला लावला.

"सोमवारी साडेदहाला ये."

"हाव, काका." दम लागलेला होता. रियाज थांबवून फोन उचलला होता त्यानं. माझा फोन ठेवला की परत सुरू केला असेल.