बंधाऱ्यावरची रिकामी जागा

सोमवार, ता. ३
पोचलो एकदाचा! मासिकासाठी या जुन्या बंदराची प्रेक्षणीय स्थळे लिहायची आहेत : दीपगृह, जकातघर आणि समुद्राच्या बंधाऱ्यावर बसलेले अकरा दगडी पुतळे. लेकीने निघताना दम भरला, की बाबा, फार दमता हल्ली, हे शेवटचं काम. घरमालकीणबाई अतिथिधर्माला जागणाऱ्या. जिना चढेपर्यंत तीनदा म्हणाल्या, बसा हो, दमला असाल. माझ्या बसण्याची एवढी आस्था आमच्या हिनेही हयातीत कधी बाळगली नव्हती.

मंगळवार, ता. ४
पुतळे पाहिले. राजे नाहीत, सेनापती नाहीत. थकलीभागली साधी माणसे. एकीच्या मांडीवर दप्तराची पिशवी, एकाच्या हातात मोजणीची साखळी. चपलेचा तुटका अंगठासुद्धा कोरलेला. धन्य ती सूक्ष्मदृष्टी. शेवटचा चौथरा रिकामा. कोणासाठी, असे विचारले, तर तिथे काम करणारा पाथरवट म्हणाला, साहेब, बसून तर बघा, भिंतीला वजन लागतं. दगड ओला होता, म्हणून तो सन्मान नाकारला.

गुरुवार, ता. ६
वाचनालयातली जुनी कागदपत्रे चाळली. पुतळे कोणी घडवले, याचा उल्लेख नाही. बंधारा अकरा वेळा खचला, अकरा वेळा सावरला. दर वेळी गावात नवे आलेले कोणीतरी बेपत्ता. एक शिक्षिका. एक मोजणीदार.
पुढे वाचवेना.

शनिवार, ता. ८
पाय जड झालेत. वय, दुसरे काय! न्हाव्याने दाढी उभ्यानेच केली. खुर्ची मोडलीय म्हणे, बंधाऱ्यावर जागा आहे की. खोलीत आलो तर इथलीही खुर्ची दुरुस्तीला गेलेली. भरतीला बंधारा थरथरतो. गाडी थेट बुधवारी. लेकीला तार केली, न्यायला ये.

सोमवार, ता. १०
पलंगही नेला. बाई म्हणाल्या, ढेकूण झालेत. फरशीवर टेकावे, तर ती सारखी धुतात, घोटाभर पाणी. कालपासून उभा आहे. भिंतीला टेकून लिहितो. रस्त्यात सगळे प्रेमाने एकच म्हणतात—

मंगळवार, ता. ११
बंधाऱ्याला भेग. सगळे गाव माझ्याकडे बघत उभे. कोणी ढकलले नाही. मीच— त्या रिकाम्या चौथऱ्यावर घटकाभर टेकलो.
काय बरे वाटले.

बुधवार, ता. १२
उठता येत नाही. गुडघ्यांखाली पाय दगडाचे झालेत. बोटे अजून चालतात.
पाथरवट शेजारी नवा चौथरा घासतोय. यंदा पाणी जास्त आहे म्हणतो, एकाने भागायचं नाही.
गाडी आली. लेक उतरली. प्रवासाने पार दमलेली. हाक मारतो, जबडा हलत नाही. घरमालकीणबाई तिचा हात धरून आणताहेत, तिला म्हणताहेत, बाबांच्या शेजारी जरा—
वही तिच्या दिशेने धरली आहे. वाच, बाळ. उभीच राहा. बसू न